आधी उतरायचं, मग चढायचं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ महिन्यांपूर्वी थार घेतली, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देता येणारी), डिझेल, मॅन्युअल. जुलैतल्या एका रविवारी साताऱ्यातल्या मेढ्याच्या पुढं लाल मातीच्या चढणीवर घातली. निम्म्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली, म्हणून वळवून खाली आणायला गेलात, तर गाडी आडवी घसरत बांधाला टेकली. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून ओढली तेव्हा गाडीच्या आधी बंपर बाहेर आला. आता मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र) यांपैकी आधी काय बसवू, असं विचारताय.

यातलं काहीच नको. निदान या हंगामात तरी नको. चढणीवर गाडी थांबली यात तुमची काही चूक नाही. वीसेक वर्षं हे करतोय, माझीही अजून थांबते. चूक झाली ती गाडी वळवण्यात, आणि त्याच्या आधी, चढण चालून न बघण्यात. बांध होता म्हणून आज बंपरची चर्चा करतोय.

मला हे शिकवलं मामानं. तो मेढा-बामणोली बाजूला वडापची जीप चालवायचा. महिंद्रा कमांडर, जोर फक्त मागच्या चाकांना. आत बारा-चौदा माणसं, टपावर बोचकी आणि कोंबड्या. पावसात रस्ता खचलेला दिसला की मामा गाडी उभी करायचा, चपला काढून ठेवायचा आणि अनवाणी वरपर्यंत चालून यायचा. आम्ही पोरं वैतागायचो. ‘आरं, आधी उतरायचं, मग चढायचं,’ एवढंच तो म्हणायचा. अनवाणी का, ते फार उशिरा कळलं. तळपायाला जे समजतं ते बुटाला समजत नाही: वरची माती चार बोटं आहे की वीतभर, खाली टणक जांभा लागतोय की नुसता लगदा. आणि त्या ‘उतरायचं’मध्ये दोन गोष्टी होत्या. एक, गाडीतून खाली उतरून वाट बघायची. दुसरी, जिथून उलटं खाली उतरता येणार नाही तिथं गाडी चढवायचीच नाही.

ही दुसरी गोष्ट कुणी शिकवत नाही. व्हिडिओत सगळे चढताना दिसतात. अवघड वाटेवर गाडी घालणाऱ्याची खरी परीक्षा पाठमोरं खाली येण्यात असते, म्हणून आधी तेच सांगतो.

चालून वर जाताना नजर चढावर असते. खाली येताना ती जास्त कामाला लावा, कारण गाडी अडली तर हीच वाट तुम्हाला आरशात बघून उतरायची आहे. ओघळ कुठं आडवी येते, चाकोरी कुठं खोल होते, गाडीचं पोट टेकेल असा उंचवटा कुठं आहे, हे बघून ठेवा. मी वाटेच्या कडेला दोन-तीन ठिकाणी फांदी खोचून ठेवतो. उलटं येताना ती आरशात दिसते आणि चाक कुठवर आलंय याचा अंदाज राहतो.

आता समजा गाडी निम्म्यात थांबली. चाकं फिरतायत, पण दोन-तीन क्षण वाट बघूनही पुढं सरकत नाही. ॲक्सिलेटर सोडा. दाबत राहिलात तर चाक विहीर खणायला लागतं. पायब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून रिव्हर्स टाका. ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) फोर लोमध्येच, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू टप्प्यातच, राहू द्या. मग खिडकीतून डोकं काढून पुढची चाकं सरळ आहेत का बघा. स्टिअरिंग सरळ वाटतं, चाकं चाकोरीत तिरकी झालेली असतात. हँडब्रेक सोडा, पायब्रेक हळूहळू ढिला करत क्लच पूर्ण सोडा, आणि मग डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवा. फोर लोच्या रिव्हर्समध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ती म्हातारा माणूस जिना उतरतो तशी खाली येते.

इंजिन बंद पडलं असेल तर एक लक्षात ठेवा. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो. म्हणून ब्रेक दाबला की दाबूनच ठेवायचा, पंप मारायचा नाही. स्टिअरिंगही जड होतं. जुन्या जीपमध्ये आम्ही गिअरमध्येच चावी मारून गाडी मागं घ्यायचो. बहुतेक नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, म्हणून ब्रेकवरचा पाय न हलवता क्लच दाबा, चालू करा, रिव्हर्स टाका आणि वर सांगितलं तसं करा.

उतरताना चाकं लॉक होऊन गाडी घसरायला लागली तर मन म्हणतं ब्रेक आणखी दाब. नेमकं उलट करायचं. ब्रेक सोडायचा आणि नावाला ॲक्सिलेटर द्यायचा. चाकं जमिनीच्या वेगानं फिरायला लागली की परत स्टिअरिंगचं ऐकतात. हे वाचून जमत नाही. कोरड्या मुरमाच्या छोट्या चढणीवर मुद्दाम निम्म्यात थांबून पंधरा-वीस वेळा करावं लागतं. बायको विचारेल काय चाललंय, तर सांगा अभ्यास.

चढणीवर वळवायचं का नाही, ते मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. २००७ च्या पावसाळ्यात पाटणच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या बाजूला, माझी जिप्सी अशीच अडली. मागं बघितलं तर दरी वाटली, शेजारी बघितलं तर जागा ऐसपैस. म्हटलं हळूच वळवू. गाडी आडवी झाली तेव्हा खालच्या बाजूचं पुढचं चाक गवतानं झाकलेल्या ओघळीत उतरलं आणि जिप्सी म्हैस बसते तशी सावकाश कुशीवर गेली. वेग शून्य. शेजारी बसलेल्या मित्रानं आधारासाठी हात बाहेर काढून टपाला धरला होता. त्याचं मनगट मोडलं. तेव्हापासून माझ्या गाडीत हात बाहेर काढणारा माणूस खाली उतरतो आणि चालत येतो. सीटबेल्ट तर ताशी पाच किलोमीटरलाही लागतो.

म्हणूनच लिफ्ट किटला मी नको म्हणतो. थारची उंची आधीच तिच्या रुंदीपेक्षा जास्त आहे. जमिनीपासून २२६ मिलिमीटर मोकळी जागा कंपनीनेच दिली आहे. ती आपल्या जिल्ह्यातल्या नव्वद टक्के वाटांना पुरते, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत अजून तुम्ही जायचं नाही. गाडी दोन-तीन इंच उचलली की वजनाचा मध्य वर जातो, आणि आडव्या उतारावर जी गाडी बांधाला टेकली ती बांधावरून पलीकडं जाते.

आता माती. साताऱ्याचं एक बरं आहे, एका जिल्ह्यात सगळ्या प्रकारची जमीन मिळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात जेमतेम पाचशे. पश्चिमेला सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर) जांभा आणि त्याची लाल माती, मध्ये कराड-कोरेगावच्या पट्ट्यात काळं रान, पूर्वेला मुरूम आणि कोरड्या ओढ्यांची वाळू. तिन्हीकडं गाडी वेगळी चालवावी लागते.

लाल माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि टायर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी अधूनमधून किंचित जास्त ॲक्सिलेटर देऊन नक्षीतली माती फेकावी लागते, पण गाडी पुढं सरकत असेल तरच. उघड्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथं हीच युक्ती अंगाशी येते. तिथं जितकं हळू तितकं बरं. काळ्या मातीचं तंत्र सोपं आहे: पाऊस पडल्यावर जायचंच नाही. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला थर चढत जातो, मडगार्डमध्ये ठासून भरते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. शेतकरी स्वतः वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, रानात औत घालत नाही. त्याच्या पाणंदीत दोन टन वजनाची गाडी घालणारे आपण कोण? तुमच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या तिथंच सुकून दगडासारख्या होतात आणि पुढं उन्हाळाभर त्याची बैलगाडी त्यात आपटत जाते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे धरणाच्या पाण्याची फुगवट ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन. कण्हेर, उरमोडी, कोयना, कुठंही एप्रिल-मेमध्ये काठावर भेगाळलेला सपाट गाळ दिसतो. वरून वाळलेला, फरशीसारखा. त्या पापुद्र्याखाली ओला गाळ असतो, आणि पापुद्रा फुटला की गाडी चारही चाकांनी एकदम पोटावर बसते. माझ्या ओळखीत तिथं जेसीबी आणावा लागलाय, आणि मग त्या जेसीबीसाठी दुसरा.

टायरबद्दल. मोठे नकोत, पण आहेत त्यांतली हवा कमी करायला शिका. पैसे न घालता गाडीत होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे आणि दहातले आठ जण आळसापोटी करत नाहीत. डांबरीवर मी ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) ठेवतो. दगड-मुरमाच्या वाटेवर २२, लाल चिखलात १८ ते २०, वाळूत १५ ते १६. हवा कमी झाली की टायर लांबीत पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि दगडावर उसळी मारण्याऐवजी दगडाला कवटाळतो. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. हवा कमी असताना वेग तीसच्या आत, आणि डांबरी लागायच्या आधी परत भरायची. बॅटरीवर चालणारा चांगला पंप आणि साधं काट्याचं गेज, यासाठी विंचच्या किमतीचा छोटा हिस्सा पुरतो.

जुने टायर झिजले की ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) घ्या. मड टेरेनच्या (खास चिखलासाठीच्या टायरच्या) मोहात पडू नका. मातीत त्यांची मजा आहे, पण तुम्ही महिन्यातून एकदा चिखलात आणि एकोणतीस दिवस यवतेश्वरच्या ओल्या घाटात असणार आहात. ओल्या डांबरीवर ते ब्रेकला कच्चे पडतात.

तुमच्या चढणीवर आणखी एक गोष्ट झाली असावी. एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं एक मागचं चाक हलकं झालं, तीच दोन फिरत राहिली आणि जमिनीवरची दोन शांत. साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांचा, हा स्वभावच आहे. ज्या चाकाला अडथळा कमी, ताकद तिकडं पळते. थारमध्ये फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडं ढकलणारी व्यवस्था आहे, पण तिला काम करायला क्षण-दोन क्षण लागतात. चाक फिरलं की नवा माणूस घाबरून ॲक्सिलेटर सोडतो आणि ती व्यवस्था जागी व्हायच्या आत झोपवतो. तेव्हा पाय एका जागी स्थिर ठेवा, कर्रकर्र आवाज येऊ द्या, मनात तीनपर्यंत मोजा. तरीही गाडी हलली नाही तरच सोडा. फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचे गिअर) चिखलात असाल तर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून ब्रेक आणि इंजिन आवरणारी व्यवस्था) बंद करा, नाहीतर ऐन वेळी ते इंजिनाचा श्वास कोंडतं. आणि डांबरीवर आलात की टू हाय, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. या गाडीत पुढच्या-मागच्या धुरीच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर हायमध्ये वळलात की सगळा ताण गिअरांवर जातो. (थार म्हणजे फोर बाय फोर, असं समजून मागच्या चाकांवर चालणारी थार घेऊन आलेले दोघं मला भेटलेत. एकाला तर मीच सांगितलं. त्याचा चेहरा अजून आठवतो.)

विंच. ती बांधणार कशाला? आपल्या सड्यांवर मैलभर झाड नसतं. उरते पवनचक्की, आणि तिचा मालक तुम्हाला ओळखत नाही. खाली जंगलात झाडं आहेत, पण तिथं गाडी न्यायची परवानगी नाही. विंचपेक्षा दुसरी गाडी बरोबर असणं शंभर पट उपयोगी. एकट्यानं अवघड वाटेवर जायचंच नाही, हा माझा एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही.

दुसरी गाडी असली की दोर हवा आणि तो कुठं अडकवायचा हे माहीत हवं. तुमचा बंपर निघाला कारण साखळी बंपरच्या पट्टीला लावली होती. ओढायचं ते चासीला बोल्ट केलेल्या, त्या कामासाठी दिलेल्या हुकालाच. गाडी बोटीवर किंवा ट्रेलरवर बांधण्यासाठी जे पातळ डोळे खाली दिलेले असतात ते वेगळे, ते झटक्याला उपटून येतात. टो-बारच्या गोळ्याला तर कधीच नाही. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, जगभरात माणसं त्यानं मेली आहेत.

साखळी आणि तारेचा दोर यांना ताणलं जायची सवय नसते. ट्रॅक्टरवाला भला माणूस असतो, पण त्याला एकच पद्धत माहीत असते: ढिली साखळी, पहिला गिअर, हिसका. त्याला हात जोडून सांगा, आधी साखळी ताठ करा आणि मग बैल जुवाला लागतो तसं दमानं ओढा. हिसक्यानं ओढायचंच असेल तर त्यासाठी नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा मिळतो. गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट क्षमतेचा घ्या, बरोबर दोन चांगले शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या). दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका, तुटला तर उडत नाही. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. आपल्याकडं गाडी अडकली की अर्धं गाव जमतं आणि सगळे दोराशेजारीच उभे राहतात.

पण दोराच्या आधी फावडं. पोट टेकलंय का बघा, चाकांपुढची माती काढा, चाकामागं दगडाची उटी लावा, हवा आणखी दोन पॉइंट कमी करा. निम्म्या वेळा गाडी स्वतःच निघते. जी गाडी वीस मिनिटं खणल्यावर हातानं ढकलून निघते, तिला न खणता ओढलं तर दोन गाड्या मोडतात.

ओढ्याबद्दल थोडक्यात. कंपनी ६५० मिलिमीटर पाणी चालेल म्हणते, ते संथ पाण्याचं. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर मी घालत नाही. काठी घेऊन आधी स्वतः पलीकडं जायचं. पायी जाता येत नसेल तर गाडीही जात नाही. पाणी अचानक लाल आणि पालापाचोळ्याचं झालं तर वर डोंगरात पाऊस झालाय, काठावरच थांबा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्याचं बिल विंचपेक्षा मोठं येतं. घरी आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बघा, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

उतारावर तोंड खाली असेल तर फोर लो, पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब. एवढंच पुरतं.

कुठं जायचं? कास नको. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे म्हणून नव्हे, तर तिथं खडकावर माती जेमतेम बोटभर आहे आणि चाकाखाली गेलेलं परत उगवत नाही. कोयनेचं अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं परवानगीशिवाय गाडी नेणं गुन्हा आहे. चाळकेवाडीच्या पठारावरचे कच्चे रस्ते शिकायला उत्तम, पण बरेच पवनचक्की कंपन्यांचे आहेत, गेटवर विचारून जा. आणि धुक्यात अजिबात नको. सड्याला काठ असतो, तो धुक्यात दहा फुटांवर आल्यावर दिसतो. सुरुवात माणमधल्या दहिवडीच्या बाजूला करा. कोरडा मुरूम, मोकळी माळरानं, चुकलात तर धूळ उडते, एवढंच. शेताच्या मालकाला आधी विचारायचं. साताऱ्याचा शेतकरी विचारलं की चहा पाजतो आणि न विचारता गेलात की पाणंदीत आडवा ट्रॅक्टर लावतो. दोन्हीचा मला अनुभव आहे.

त्या मेढ्याच्या चढणीवर परत जायची तुमची खुमखुमी मला दिसते. दसऱ्यानंतर जा, वापसा आल्यावर. गाडी मोकळी, बरोबर दुसरी गाडी, हवा २०. पहिल्यांदा एक चतुर्थांश चढून थांबा आणि रिव्हर्सनं खाली या. मग निम्मं चढून. मग जिथं अडला होता तिथून. तिन्ही वेळा स्टिअरिंग सरळ आणि डावा पाय खाली राहिला, तर चौथ्या वेळी वर जा. नाही राहिला तर मेढ्यात मिसळ खाऊन परत या. आणि जाताना त्या बांधाचे ढासळलेले दगड रचून द्या, मालकाला विचारून.